लेआउटच्या मोकळ्या जागेत पॉवर वीडर: कामाच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

नागपुरात बेसा रोडकडच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीत, एक मोकळी जागा आहे, पाचेक हजार स्क्वेअर फूट असेल, बरीच वर्षं तिथे गाजर गवत आणि कोणाच्या ना कोणाच्या बांधकामाचा मलबा एवढंच होतं. यंदा गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलं की तिथे भाजीपाला लावायचा, मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगी, टमाटर, फुलकोबी, सगळ्यांनी मिळून करायचं आणि वाटून घ्यायचं. ट्रॅक्टर आत येत नाही कारण गेट लहान, आणि एवढी काळी माती मजूर लावून कुदळीने खणायची म्हणजे वर्गणी तिथेच संपते. मग कोपऱ्यावरचे काका म्हणाले, गावाला भावाकडे पॉवर वीडर पडून आहे (मागून धरून चालवायचं, फिरत्या पात्यांनी माती खणणारं छोटं मशीन), पेट्रोलचा, सात एचपी, तो आणतो. काल तो टेम्पोतून आला.

नोंदी मी ठेवते म्हटलं कारण हे मशीन चार-पाच जण पाळीपाळीने चालवणार आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी असं मशीन याआधी हातात धरलेलं नाही. जो कोणी हँडल धरेल त्याने आधी हे सगळं वाचून यावं, मनापासून विनंती आहे. मशीन लहान दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. ट्रॅक्टरवर निदान माणूस वर बसलेला असतो, इथे चालवणारा मागे पायी चालतो आणि फिरणारी पाती त्याच्या नडग्यांपासून दोन-तीन फुटांवर असतात.

२४ सप्टेंबर

ऑफिसमधून आल्यावर काका आणि मी मशीन उघडून बघायला बसलो. सर्वात आधी स्पार्क प्लगची कॅप ओढून बाजूला केली. मशीनला हात लावायचा तर पहिलं काम हेच, मग तुम्हाला नुसता बोल्ट बघायचा असो की पात्याला लागलेली माती काढायची असो. बंद मशीनचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, हाताने फिरवताना आत कॉम्प्रेशन बसून इंजिन एक झटका खाऊ शकतं, तेवढ्यात बोटं जातात.

इंजिन फोर स्ट्रोक, २१२ सीसी. सपाट फरशीवर ठेवून डिपस्टिक बघितली तर ऑइल डांबरासारखं काळं. सगळं काढून नवीन १०डब्ल्यू-३० टाकलं, साधारण ६०० मिली लागतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं हे काकांना माहीत होतं, ते बरं झालं, पुष्कळ लोक एकाच झाकणातून सगळं होतं असं समजतात. टाकीतलं मागच्या वर्षीचं पेट्रोल उग्र वास मारत होतं, तेही काढलं.

मग दोन गोष्टी दिसल्या आणि मला फार वाईट वाटलं. एक म्हणजे डाव्या बाजूचं मडगार्ड नाहीच, पावसाळ्यात त्यात माती अडकते म्हणून काढून ठेवलेलं. दुसरी, हँडलवरच्या क्लच लिव्हरला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. हे लिव्हर दाबून धरलं की पाती फिरतात आणि सोडलं की थांबतात, म्हणजे माणूस पडला, घसरला, घाबरला, हात सुटला, तर मशीन आपोआप थांबावं म्हणून ती सोय. त्यावर ट्यूब बांधली की माणूस पडला तरी मशीन चालतच राहणार.

काका म्हणाले, "अवं बेटा, गावात सारेच बांधून ठेवतात, धरून धरून हात दुखते ना." खरं आहे, दुखतो. पण हात दुखला की मशीन थांबवून पाच मिनिटं बसता येतं. ट्यूब मी कात्रीने कापली, तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले, कारण नुसती सोडून ठेवली असती तर आठ दिवसांत कोणीतरी परत बांधली असती. काकांनी पण मग काही म्हटलं नाही, उलट मडगार्डचं माप स्वतः घेतलं.

२८ सप्टेंबर, रविवार

मडगार्ड वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचं करून घेतलं, दोन्ही बाजूंना सारखं. मशीन कॉटन मार्केटकडच्या एका मेकॅनिककडे नेलं, त्यांनी क्लचची केबल बदलली, एअर फिल्टर साफ केला, प्लगचा गॅप ०.७ मिलिमीटरवर आणला. आणि रोटरकडे बघून म्हणाले, "ताई, हे एका बाजूची पाती उलटी बसवून हायेत. धार समोर पायजे, अन् इथं पाठ समोर आहे. मंग मशीन माती कापंन कशी, उड्याच मारंन."

डाव्या आणि उजव्या बाजूचे पात्यांचे सेट वेगळे असतात, एकमेकांच्या जागी बसतात पण पाठ पुढे येते. बसवल्यावर रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते बघायचं आणि त्या दिशेला आधी धार येते का ते बघायचं, एवढं एक मिनिटाचं काम. एक्सलवरच्या पिना आणि त्यांचे लॉक पण नवीन घेतले, जुन्या पिनेच्या जागी खिळा वाकवून घातलेला होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीनची पूजा झाली, कुदळ, फावडं, विळे, सगळं शेजारी मांडलं. झेंडूचा हार पूजेनंतर लगेच काढून ठेवला आणि सर्वांना सांगितलं की चालू मशीनवर हार, कापड, पिशवी काहीही लटकवायचं नाही. सायलेन्सर इतका तापतो की कापड सहज धरेल.

काका पूजेच्या वेळी पार्किंगमध्येच एकदा चालू करून बघू म्हणत होते, मी ठामपणे नाही म्हटलं. पार्किंगला तीन बाजूंनी भिंत आहे. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसतं डोकं दुखल्यासारखं होतं आणि मग उठायची ताकद राहत नाही. आमचा नियम असा की मशीन ढकलत मोकळ्या जागेवर न्यायचं आणि तिथेच चालू करायचं. शटर उघडं असलं तरी आत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज मशीन नाही, नुसती जागा साफ. आणि मला वाटतं आत्तापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं काम आजचंच झालं.

आधी लांब काठीने गवत हलवत, पाय आपटत सगळे एका ओळीत चाललो, पावसाळा नुकताच गेलाय, घोणस आणि नाग दोन्ही आपल्याकडे आहेत. मग विळ्याने गवत जमिनीलगत कापलं. गाजर गवताला हातमोजे आणि तोंडाला रुमाल लागतोच, कित्येकांना त्याची खाज आणि दम्यासारखा त्रास होतो.

गवत निघाल्यावर खाली काय काय सापडलं! विटांचे तुकडे, सळईची वाकडी टोकं, फरशीच्या कपच्या, दारूच्या बाटल्यांची काच, आणि मांजा. संक्रांतीचा नायलॉन मांजा, गुंतागुंत झालेला, मातीत अर्धा पुरलेला. या मांजावर बंदी आहे तरी दर जानेवारीत आकाशात तोच, पक्षी मरतात, गाडीवाल्यांचे गळे कापतात, आणि इथे नऊ महिन्यांनी तो मातीत जसाच्या तसा. रोटरच्या एक्सलवर हा गुंडाळला गेला की गिअरबॉक्सच्या सीलपर्यंत घुसतो, तिथे उष्णतेने वितळून घट्ट बसतो आणि ऑइल गळायला लागतं. पोरांना कामाला लावलं, जो जास्त मांजा जमा करेल त्याला सावजी रस्सा, तर सगळा निघाला असं आत्ता तरी वाटतंय.

दगड-विटेचं कारण वेगळं. पात्याखाली वीट आली की एक तर ती मागे किंवा बाजूला फेकली जाते, नाहीतर मशीन तिच्यावर चढून एकदम पुढे झेप घेतं आणि हँडल हातातून हिसकतं. मुठीपेक्षा मोठं जे दिसेल ते उचलायचं असं ठरवलं.

पाण्याची पाइपलाइन आणि स्ट्रीट लाइटची केबल कुठून जाते हे दोन जुन्या रहिवाशांना विचारून बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्या पट्ट्यात मशीन नाहीच, तिथे कुदळ. भिंतीपासून तीन फूट आणि नालीच्या काठापासून चार फूट चुन्याची रेघ मारली. भिंतीजवळ माणूस मशीन आणि भिंतीच्या मध्ये सापडतो, ते मला नकोच आहे.

८ ऑक्टोबर

पेट्रोलचं लिहून ठेवते कारण यावरून आज थोडी वादावादी झाली. एक भाऊ पाण्याच्या बिसलेरीच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आले आणि जिन्याखाली ठेवलं. तो लहान पोरांचा खेळायचा कोपरा, पाण्यासारखी बाटली, पाण्यासारखा रंग. पोरगं तोंडाला लावेल ही पहिली भीती. दुसरं, पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालासुद्धा पेट घेण्याइतकी निघते, आपल्याकडे तर ऑक्टोबर हीट चालू आहे. ती वाफ हवेपेक्षा जड असते, उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाऊन कुठल्या तरी ठिणगीपर्यंत पोचते.

कायद्यातही हे आहे, १९३४ चा पेट्रोलियम कायदा. विकायला नसेल तर ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनीमातीच्या नाहीतर धातूच्या भांड्यात, काच किंवा चिनीमाती असेल तर एक लिटरच्या वर नाही, धातूचं असेल तर २५ लिटरच्या वर नाही. प्लास्टिकची बाटली त्यात नाहीच. आम्ही पाच लिटरचा झाकणवाला पत्र्याचा कॅन आणला, त्यावर लाल पेंटने पेट्रोल लिहिलं, आणि तो काकांच्या गच्चीवरच्या खोलीत कुलपात. एका वेळी दोन लिटरच आणायचं.

जास्त आणून ठेवण्यात तसाही फायदा नाही. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, महिना-दोन महिने पडून राहिलं की पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटर जाम होतो, आणि मग माणूस दोरी ओढून ओढून चिडतो आणि चिडलेला माणूस मशीनवर चुका करतो.

भरायची पद्धत अशी ठरली: इंजिन बंद, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं, गवत नसलेल्या उघड्या मातीवर, नरसाळ्याने, टाकी काठोकाठ न भरता वर थोडी जागा ठेवून. सांडलं तर पुसायचं आणि मशीन दहा फूट लांब नेऊनच चालू करायचं. जवळ वाळूची बादली आणि पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर, तो अपार्टमेंटवाल्यांनी दिला. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. बिडी-सिगरेटवाल्यांनी त्या वेळी चौकात जावं. बाटलीवाल्या भाऊंना राग आला होता, पण संध्याकाळी तेच कॅनला पेंट मारत होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज दोन कामं. सकाळी मातीची परीक्षा आणि संध्याकाळी बंद करायची प्रॅक्टिस.

माती आधी सांगते, कारण माझं ठाम मत आहे की हे मशीन सांभाळणं अर्धं मातीवर असतं आणि हे मशीनसोबतच्या पुस्तकात नीट लिहिलेलं नसतं. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकली की दगड. ओलीत मशीन घातलं की पात्यांवर चिखलाचे गोळे बसतात, रोटर फिरतो पण मशीन जागच्या जागी खड्डा करत रुतत जातं, मग माणूस जोर लावून ओढतो, पाय घसरतो. सुकलेल्या मातीत पाती घुसतच नाहीत, वरच्या वर टप्पे खात मशीन पुढे पळतं आणि माणूस मागे ओढला जातो. मध्ये वाफसा असतो, तेव्हा पाती अलगद घुसतात, मशीन चालणाऱ्याच्या पावलाने जातं, दोन बोटांनी धरल्यासारखं. ताकद कमी असलेल्या माणसानेही मशीन चालवायचं असेल तर ते फक्त वाफशावर.

बघायचं असं. वरची माती सोडून द्यायची, चार-पाच इंच खालून मूठभर काढायची आणि मुठीत दाबायची. मी जागेच्या मधली काढली, दाबली, मूठ उघडली तर बोटांच्या खुणांसकट लाडू झालेला, चकचकीत, तळहाताला ओल लागलेली. कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकला तर चपटा झाला, फुटला नाही. म्हणजे ओली. मग गेटजवळची काढली, तिथे दिवसभर ऊन येतं. त्याचा पण लाडू झाला पण चमक नाही, हात कोरडा, आणि खाली पडल्यावर चार तुकडे होऊन भुगा झाला. तो वाफसा. मुठीत लाडू होतच नसेल, नुसते खडे निसटत असतील, तर सुकलीय, तेव्हा पाणी सोडून तीन-चार दिवस थांबायचं. उद्या फक्त गेटकडची बाजू करायची असं ठरलं, मधली चार दिवसांनी.

संध्याकाळी सगळे जमलो. रोटरखाली विटा ठेवून मशीन उचललेलं नाही, तसं कधीच करायचं नाही, पाती जमिनीवर आणि मशीन न्यूट्रलला. एकेकाने हँडल धरायचं, मी मध्येच टाळी वाजवेन, टाळी वाजली की लिव्हर सोडायचं आणि अंगठ्याने स्विच बंद. आधी इंजिन बंद असताना, मग चालू असताना पण गिअरमध्ये न टाकता. सुरुवातीला सगळ्यांचं एकच व्हायचं, टाळी ऐकली की मूठ आणखी घट्ट. दचकलेला माणूस हातातलं घट्ट धरतो, तो स्वभावच आहे, आणि या लिव्हरला घट्ट धरणं म्हणजे पाती चालू ठेवणं. म्हणून हे हाताला शिकवावं लागतं, तोंडी सांगून होत नाही. टाळी आणि हात उघडणं एकत्र व्हायला लागलं तोपर्यंत अंधार झाला. ज्याचा हात उघडत नाही त्याला उद्या हँडल नाही, मग तो कोणीही असो.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस. सकाळी सातला सुरू, नऊच्या आत बंद, उन्हात डोकं तापलं की लक्ष जातं.

पायात काकांनी वीज मंडळाच्या नोकरीतले सेफ्टी शूज काढले, पुढे लोखंडी टोपी असलेले. बाकीच्यांसाठी दोन जोड्या विकत आणल्या, वेगवेगळ्या नंबरच्या. चप्पल, क्रॉक्स, अनवाणी, अजिबात नाही. फुलपँट, पण पायाशी घट्ट. गॉगल, हातमोजे, कानात इअरप्लग. कानाचं लोक ऐकत नाहीत, पण ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर ऐकू येणं कायमचं कमी होतं आणि असं इंजिन बहुतेक वेळा त्याच्या वरच असतं.

चालू करणं: न्यूट्रल, पेट्रोलचा कॉक उघडा, चोक बंद, थ्रॉटल थोडासा. मग दोरी आधी हळू ओढायची, जड लागेपर्यंत, आणि तिथून एक झटका. दोरी हाताला गुंडाळायची नाही, इंजिनने उलटा झटका दिला तर मनगटच ओढलं जातं. इंजिन लागलं की चोक हळूहळू उघडायचा आणि दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्यायचं.

काकांनी पहिली ओळ घेतली. मशीनच्या मागे पाती किती खोल जावी हे ठरवणारी खुंटी असते, ती जमिनीत दाबली की मशीन हळू होतं आणि खोल जातं, हँडल जरा उचललं की पुढे पळतं. सगळा कंट्रोल त्या खुंटीतच आहे, खांद्याच्या जोरात नाही. पहिल्या फेरीत दोन-तीन इंचच, नुसती वरची खपली फोडायची, खोल दुसऱ्या फेरीत. एकदम खोल घातलं की मशीन अडकतं आणि उसळतं. गेटकडची माती वाफशावर होती, पाती इतक्या छान घुसत होती की काका मध्येच ओरडले, "लोण्यावानी चालून राहिली!" मागे माती मोकळी होऊन पडत होती, गरम, काळी, आणि बगळे लगेच आले.

ओळीच्या शेवटी थ्रॉटल कमी, लिव्हर सोडायचं, पाती थांबली हे डोळ्याने बघायचं, मग मशीन वळवायचं, मग परत धरायचं. पाती फिरत असताना हँडल उचलून गर्रकन वळवायची सवय गावाकडून आलेली आहे, ती काकांना पण सोडावी लागली.

चुन्याच्या रेघेच्या बाहेर एकजण उभा, त्याचं काम फक्त पोरं आणि कुत्री आत येऊ न देणं. तो चालवणाऱ्याला दिसेल असा बाजूला उभा राहतो, समोर किंवा मागे नाही. हात वर केला की मशीन बंद, बाकी काही खुणा नाहीत. वहिनींचा मुलगा, अकरावीतला, "काकू, एकदाच द्या ना" म्हणून मागे लागला होता. नाही दिलं. अठरा झाल्याशिवाय नाही, आणि त्याला वाईट वाटलं हे मला दिसलं, म्हणून त्याला या राखणीच्या कामाचा प्रमुख केलं, ते त्याने फार जबाबदारीने केलं.

१५ ऑक्टोबर

मधली बाजू आज वाफशावर आली, अर्धी झाली. रिव्हर्स गिअरवरून प्रश्न आला की इतका सोयीचा आहे तर वापरायचा का नाही.

माझा मामेभाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. मागच्या वर्षी आंब्या बहाराच्या आधी झाडांच्या ओळीत वीडर चालवताना झाडाच्या आळ्यापाशी मशीन अडकलं, त्याने रिव्हर्स टाकला आणि मागे मागे चालत गेला. मागे ठिबकची नळी होती, टाच अडकली, तो बसल्यासारखा पडला आणि मशीन त्याच्याकडेच येत राहिलं. लिव्हर बांधलेलं होतं. उजव्या पायाची दोन बोटं गेली, आज पण थंडीत पाय दुखतो त्याचा. तो वीस वर्षं शेती करणारा माणूस आहे, नवखा नाही.

म्हणून इथे रिव्हर्समध्ये पाती फिरवायची नाहीत. अडकलं तर लिव्हर सोडा, इंजिन बंद करा, प्लगची कॅप काढा, आणि दोघांनी मिळून हाताने मागे ओढा. वेळ लागतो, लागू दे. आणि मशीन चालू असताना स्वतःच्या अंगाकडे ओढत मागे चालणं, गिअर कोणताही असो, बंद.

एक वेगळी गोष्ट, ज्यांच्या घरी संत्र्या-लिंबाची झाडं आहेत आणि तिथेही फिरवून घेऊ म्हणतात त्यांच्यासाठी. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. झाडाच्या घेराखाली मशीन घातलं की ती तुटतात आणि जखमेतून मूळकुज, डिंक्या शिरतो. घेराच्या बाहेर ठीक, आत खुरप्यानेच.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची गडबड, तरी राहिलेला तुकडा केला. आज वहिनींनी चालवलं, आणि सगळ्यात शांत हात त्यांचा आहे, टाळीच्या वेळी पण त्यांचाच हात सर्वात आधी उघडला होता. फक्त कपड्यांचं. त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, आणि नागपूरच्या उन्हात आपण बाया तोंडाला दुपट्टा बांधतोच. दुपट्ट्याचं एक टोक खाली लोंबलं आणि रोटरने धरलं तर गळ्याला फास बसतो. त्या घरी जाऊन मुलाची जीन्स आणि टी-शर्ट घालून आल्या, वेणीचा अंबाडा, वर टोपी. पुरुषांनी पण गमछा गळ्यात ठेवायचा नाही, लुंगी नाही, हातात कडं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

बेमोसमी पाऊस झाला. आज दुसरी फेरी ठरली होती, शेणखताची ट्रॉली पण येऊन पडली, सगळे सुट्टी काढून हजर. मुठीत माती घेतली, लाडू, चमकतोय, खाली टाकला, चपटा. काम रद्द.

नाराजी झाली. कोणी म्हणालं वरून तर सुकलंय, कोणी म्हणालं मेथीला उशीर होतो. मला कळतं ते. पण ओल्यात फिरवलं तर ढेकळं सुकून विटा होतील, ती नंतर फोडताना मशीन उसळेल, म्हणजे आज वाचवलेला रविवार आपण पुढे कोणाच्या तरी पायावर टाकणार. काकांनी माझी बाजू घेतली, म्हणाले आमचे बाबा पण वाफसा नसला तर बैल जुंपत नव्हते. सगळ्यांनी मग शेणखत पसरलं आणि गप्पा मारत चहा घेतला.

२ नोव्हेंबर, रविवार

वाफसा आला. दुसरी फेरी, पाच-सहा इंच, पहिल्या ओळींना आडवी. खत छान मिसळलं.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला रोटर जड झाला, आवाज बदलला. बंद केलं, कॅप काढली, बघितलं तर हरळीच्या वेली आणि त्यात एक नायलॉन मांजा, म्हणजे सगळा निघाला नव्हता. हाताने ओढायचा नाही, हातमोजा असला तरी मांजा कापतो. पकडीने एक टोक धरलं आणि एक्सलच्या लांबीत कटरने चिरा दिल्या, मग साली निघाल्यासारखा निघाला. पिन काढून पात्यांचा सेट बाहेर ओढला, सीलपाशी शिरलेला तुकडा चिमट्याने काढला. दर ओळीनंतर एकदा रोटरकडे बघायचं हे आता पक्कं.

हरळी आणि लव्हाळा जिथे दाट आहे तो कोपरा मुद्दाम सोडला. मशीनने त्याच्या मुळ्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवीन झाड येतं. तिथे कुदळीने गाठींसकट खणून काढतोय.

हातांना मुंग्या येतात हे दोघांनी सांगितलं. इंजिनचा थरथराट आहे तो. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि मुंग्या येत असताना परत हँडल धरायचं नाही, कारण बधिर हाताला लिव्हर सुटलं की नाही तेच कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वाफे पाडले, फावड्याने. तिसरी फेरी मारून माती मैद्यासारखी करू असा आग्रह होता, नाही केली. फार बारीक केलेली काळी माती पहिल्या पाण्याला वर पापुद्रा धरते, बी वर येत नाही. बोराएवढे खडे राहिले तर चांगलंच. मेथी, पालक, सांबार पेरलं, वांगी-टमाटरची रोपं लावली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मशीन ठेवून दिलं. टाकीतलं पेट्रोल काढून स्कूटरमध्ये टाकलं, कॉक बंद करून मोकळ्या जागेत इंजिन चालू केलं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा. थंड झाल्यावर माती खरवडली, प्रेशरने पाणी मारलं नाही, एअर फिल्टर आणि सीलमध्ये जातं. पात्यांना जुन्या ऑइलचा हात. ऑइल आत्ताच बदललं. प्लगची कॅप काढलेलीच आहे, शूज, गॉगल, इअरप्लगची पेटी शेजारी, किल्ली काकांकडे.

बाजूच्या लेआउटवाल्यांनी मशीन मागितलंय उन्हाळी भाजीसाठी. द्यायचं ठरलं, पण दोन अटींवर: चालवणारे आधी इथे येऊन टाळीची प्रॅक्टिस करतील, आणि परत आणताना मडगार्ड, दोन्ही पिना आणि उघडं लिव्हर काकांना दाखवूनच ठेवतील. भिंतीवर १०८ नंबर लिहिलाय, तो त्यांनीही त्यांच्या जागेवर लिहावा. पुढची नोंद फेब्रुवारीत.